सात रिकामे सेकंद

तिचं खरं नाव पगारपत्रकावर तेवढं होतं. बाकी सगळ्या गावासाठी ती कात्री. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण पाठ वळली की भाजीवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळे म्हणत, आणि तिला ते ऐकू येई. ऐकणं हाच तिचा धंदा होता. कान इतके तिखट, की माणसानं शिवी द्यायच्या आधी श्वास कसा घेतला यावरून ती शिवी ओळखायची.

सरकारी रेडिओ केंद्रात ती बटणावर बसे. हे काम काय असतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. लोक फोन करतात, निवेदक बोलतो, साहेब उत्तर देतात, आणि घरी बसलेल्याला वाटतं की हे सगळं आत्ता, या क्षणी चाललंय. तसं नसतं. स्टुडिओत बोललेला शब्द आधी एका यंत्रात जातो, तिथं सात सेकंद गप पडून राहतो आणि मग बाहेर पडतो. तेवढ्या वेळात कात्रीला काही खटकलं की तिनं लाल बटण दाबायचं. दाबलं की यंत्रात साठलेलं सगळं कचऱ्यात. घरच्या माणसाला नुसता एक हिसका ऐकू येई. कोणीतरी "साहेब, त्या पुलाच्या कामात" म्हणता म्हणता एकदम निवेदकच "धन्यवाद, पुढचा फोन घेऊ या" म्हणायला लागे.

यंत्राला एक खोड होती. बटण दाबलं की साठा संपला. तो पुन्हा भरायला थोडा वेळ लागे, आणि तोवर स्टुडिओतला शब्द थेट लोकांच्या घरात. तेव्हा बटण कितीही बडवा, फेकायला आत काही नसायचंच. म्हणून नियम असा होता, की बटण दाबल्यावर कात्रीनं निवेदकाच्या टेबलावरचा पिवळा दिवा लावायचा आणि निवेदकानं ताबडतोब गाणं सोडायचं. गाणं संपेपर्यंत यंत्र पोट भरून घेई. यंत्राचं पुराण एवढंच.

तिला व्हायचं होतं निवेदिका. आवाजाची परीक्षा घेणाऱ्यानं डोळे मिटून ऐकलं आणि सांगितलं, "बाई, तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. पण कान चांगले आहेत." आणि त्या कानांसाठी तिला काचेपलीकडच्या खोलीत बसवलं. खोलीला खिडकी नाही, खुर्चीतून फोम बाहेर आलेला, भिंतीवर कुणी तरी कधी काळी चिकटवलेलं 'शांतता राखा'. लग्न व्हायच्या आधीपासून ती त्या खुर्चीत होती आणि केसांत पांढरं दिसायला लागलं तरी त्याच खुर्चीत होती.

सुरुवातीला कापायच्या त्या शिव्या. त्याला तिची ना नव्हती. लहान मुलं ऐकत असतात. मग प्रसारण नियमन कार्यालय नावाचं एक प्रकरण उभं राहिलं आणि तिथून दर महिन्याला शब्द यायला लागले. 'टंचाई' म्हणायचं नाही, 'तात्पुरती अडचण' म्हणायचं. 'लाच' गेली. 'संप' गेला. 'बेकारी' गेली, पण बेकार तिथंच राहिले. केंद्रातल्या माणसाची ओळख, नातंगोतं हवेत जाता कामा नये, असाही एक नियम आला, कारण कुणीतरी निवेदकाला त्याच्या बायकोच्या नावानं धमकावलं होतं. एके दिवशी कॅन्टीनमध्ये ती म्हणाली, "आता एक 'का' तेवढा राहिलाय." कोणी हसलं नाही. सगळ्यांनी आधी दाराकडे बघितलं.

तिनं इमानेइतबारे कापलं. पेन्शन अडकलेल्या म्हाताऱ्याला कापलं, शाळेचं छत पडलं ते सांगणाऱ्या बाईला कापलं. म्हातारा एकदा तिच्या घरासमोर उभा राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलला. दारावर खडूनं कात्रीचं चित्र निघालं. तिनं पुसलं, पुन्हा निघालं. "मी नाही कापलं तर दुसरं कोणी कापेल," ती म्हणायची, "आणि त्याला नीट कापताही यायचं नाही." हे वाक्य जगात किती जणांनी म्हटलंय आणि म्हणून झाल्यावर पगार मोजून घेतलाय, देव जाणे. पण एक गोष्ट खरी. गावानं जे जे ऐकलं नाही, ते सगळं तिनं ऐकलं होतं. ते घेऊन ती रोज घरी जायची, आणि घरी बटण नव्हतं.

घरी सासूबाई होत्या. आयुष्य कापडगिरणीत गेलेलं, मागांच्या खडखडाटावर ओरडून बोलायची सवय, त्यामुळे 'पाणी दे' म्हणाल्या तरी भांडण लागल्यासारखं वाटे. आणि बहुतेक वेळा लागलेलंच असे. या दोघींचं कधी पटलं नाही आणि पटावं असं दोघींपैकी एकीलाही वाटलं नाही. सासूबाईंचा राग एकच होता. "लोकांची तोंडं दाबून आणलेलं खातो आपण," असं त्या जेवताना म्हणत, आणि वर आणखी वाढून घेत.

केंद्रातलं काही बाहेर सांगायचं नाही असा दंडक होता, पण सासूबाईंकडे त्याचं औषध होतं. त्या विचारत नसत. विचारलं असतं तर कात्रीनं तोंड उघडलं नसतं. त्या नुसतं म्हणत, "जाऊ दे गं, तुला कुठं काय ठाऊक असतं? तू आपली बटणावरची." बस्स. कात्रीच्या डोक्यात तिडीक जाई आणि ती फडाफडा सगळं सांगून मोकळी होई: पुलाचं काम कुणाला दिलं, कुणाच्या मेव्हण्याला दिलं, साहेब काय म्हणाले. सांगून झाल्यावर तिला कळे की आपण परत फसलो. सासूबाई शांतपणे ताट उचलून निघून गेलेल्या असत. इतकी वर्षं गेली, ते वाक्य एकदाही वाया गेलं नाही.

दोघींच्या मध्ये तिचा नवरा. अग्निशमन दलात होता, आळीत सगळे त्याला बंबवाला म्हणत. घरात आग लागलेली असताना तो तेवढा शांत बसे. "दिवसभर विझवतो तेवढं पुरे," म्हणे. पण आवाज मोठा गोड होता त्याचा. अंघोळ करताना गायला लागला की दोघी भांडण थांबवून ऐकत, आणि ऐकत नसल्याचं दाखवत.

केंद्रात दर आठवड्याला 'थेट उत्तर' नावाचा कार्यक्रम व्हायचा. शहराचे मुख्य साहेब स्वतः येऊन बसत आणि लोकांच्या फोनला उत्तरं देत. उत्तर म्हणजे काय, तर 'चौकशी चालू आहे', 'योग्य ती कार्यवाही होईल'. साहेब दिसायला भारदस्त, चष्मा सोनेरी, आणि राग म्हणजे तापल्या तुपाची कढई. जरा ठिणगी पडली की भडका. त्यांना कोणी अडाणी समजलेलं खपत नसे. भडका उडाला की खरं बोलून जात. एकदा तर वरच्या मंत्र्याला गाढव म्हणाले होते. पण त्यांनी त्यावर उपाय शोधून काढला होता. बोलता बोलता आपण घसरलो असं वाटलं की ते उजवा हात वर करत. काचेपलीकडून कात्री बटण दाबे. गाढव कचऱ्यात. होता होता साहेबांना त्या हाताची इतकी सवय झाली, की ते आधी मनसोक्त बोलून घेत आणि मग हात वर करत. बाई आहे ना पलीकडे.

आणखी एक. साहेबांना आपल्या बोलण्यात गाणं आलेलं चालत नसे. "मी काय तमाशाला आलोय?" असं त्यांनी निवेदकाला एकदा झापलं. तेव्हापासून 'थेट उत्तर' चालू असताना कात्रीनं पिवळा दिवा लावला की निवेदक साहेबांकडे बघे, साहेब मान हलवत, आणि गाणं राहून जाई. कात्रीनं एकदा सांगून बघितलं, "गाणं नाही लावलं तर यंत्र रिकामं राहतं, साहेब." साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही बटण सांभाळा. शहर मी सांभाळतो."

मग ती आग लागली.

सरकारी जप्तीच्या मालाचं गोदाम होतं वस्तीला लागून. कुठं कुठं पकडलेला माल तिथं वर्षानुवर्षं पडून असे. दुपारी धूर निघाला, दोन बंब गेले. कात्रीची संध्याकाळची पाळी होती. त्या दिवशी नियमन कार्यालयाचा निरोप तातडीनं आला: गोदामाच्या आगीबाबत 'धूर', 'वायू', 'विषारी' हे शब्द जाऊ देऊ नयेत, लोकांमध्ये घबराट पसरते.

रात्रीच्या बातम्यांच्या जरा आधी एका बाईचा फोन आला. बंबाच्या ड्रायव्हरची बायको होती ती. "आमच्या माणसांना धुरानं..." एवढं आलं आणि कात्रीचं बोट गेलं. बोटाला विचार करायची सवयच राहिली नव्हती. दिवा, गाणं, सगळं नियमाप्रमाणे. पाळी संपवून ती बाहेर आली तेव्हा फाटकाशी सासूबाई उभ्या होत्या. त्या कधीच केंद्राकडे येत नसत.

"चल," त्या म्हणाल्या. "इस्पितळात आहे तो."

बंबवाला पलंगावर बसून होता. आडवं झालं की त्याला श्वास पुरत नव्हता. शेजारच्या पलंगावर ड्रायव्हर. आणखी दोघं पलीकडे. बोटांची टोकं पांढरी पडलेली, छातीत घरघर. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कात्रीला बाजूला घेतलं. तरुण होत्या, झोप नव्हती, चिडलेल्या होत्या.

"तिथं काय जळलं?"

"पोती म्हणतात. जुनं सामान."

"पोत्यांनी असं होत नाही. आम्ल असेल, कीटकनाशक असेल, दुसरं काही असेल. प्रत्येकाचा इलाज वेगळा. मी अंदाजानं औषध देऊ? चुकलं तर? दोनदा फोन केला साहेबांच्या ऑफिसला, लेखी मागितलं. म्हणतात, माहिती चौकशीखाली आहे, देता येत नाही."

"मग?"

"मग काय? ऑक्सिजन देते आणि बघत बसते. मला नाव हवंय, बाई. एक नाव."

कात्री ऑफिसात गेली. खिडकीवरच्या कारकुनानं अर्ज घेतला, शिक्का मारला आणि महिनाभरानं या म्हणाला. "महिन्याभरात माणूस राहील का?" तिनं विचारलं. "ते आमच्या विभागाकडे येत नाही," तो म्हणाला. थट्टा करत नव्हता. खरंच येत नव्हतं.

ड्रायव्हर पहाटे गेला. त्याच दिवशी सकाळी 'थेट उत्तर' होतं.

वॉर्डाच्या बाहेरच्या बाकावर दोघी सासू-सुना बसल्या होत्या. आतून ड्रायव्हरच्या बायकोचं रडणं येत होतं. सासूबाई पुढं बघत म्हणाल्या, "आज मी फोन लावणार."

"लावू नका. तो शब्द बोललात की मला कापावं लागेल."

"काप."

"आई, माझी नोकरी..."

"त्याच्या नरड्यापेक्षा मोठी आहे का गं तुझी नोकरी?"

"नोकरी गेली तर याचं औषधपाणी कशावर करायचं? तुमच्या गिरणीच्या पेन्शनवर?"

"जा," सासूबाई म्हणाल्या. "जा, दाब जा बटण. माझ्या डोळ्यांसमोर नको बसू."

कात्री गेली. रस्ताभर सासूला शिव्या घालत गेली, आणि त्यातल्या निम्म्या स्वतःला होत्या. खोलीत येऊन खुर्चीत बसली, कानांवर हेडफोन चढवला. काचेपलीकडे साहेब चष्मा पुसत होते. आगीबद्दल पहिल्यांदाच ते स्वतः बोलणार होते, म्हणून सगळं गाव रेडिओला कान लावून होतं.

साहेबांनी सुरुवात केली. आग आटोक्यात आहे. जळालं ते जुनं सामान आणि पोती. अफवा पसरवणाऱ्यांवर कारवाई होईल. एक जवान 'प्रकृतीच्या कारणानं' दगावला, त्याबद्दल दुःख आहे. प्रकृतीच्या कारणानं! कात्रीला वाटलं, काच फोडून आत जावं आणि त्या सोनेरी चष्म्याचे तुकडे करावेत.

तीन-चार फोन झाले. निवेदक म्हणाला, "पुढच्या आजी, विषय काय म्हणाल्या होत्या, साहेबांचं कौतुक करायचंय. बोला आजी." कौतुक करायचंय म्हटलं की रांगेत पुढं घेत, हे सासूबाईंना ठाऊक होतं. कुणी सांगितलं होतं? कात्रीनंच, एकदा जेवताना, त्या वाक्याच्या तडाख्यात.

"नमस्कार साहेब," सासूबाई म्हणाल्या. इतक्या मऊ आवाजात, की कात्रीला क्षणभर ओळख पटली नाही. "तुमचं फार कौतुक ऐकलंय. एवढं मोठं शहर सांभाळता. मला अडाणीला एक सांगा, गोदामात जळलं काय?"

"सांगितलं ना आजी. पोती."

"पोतीच?"

"पोतीच."

तिकडं सासूबाईंनी श्वास घेतला. कात्रीला तो श्वास ठाऊक होता. शिवीच्या आधीचा नव्हता तो. 'विषारी'च्याही आधीचा नव्हता. कितीदा तरी स्वयंपाकघरात, ताट वाढताना, पाठीमागून तिनं तो ऐकला होता. त्या श्वासामागून कुठलं वाक्य येतं ते तिला पाठ होतं, आणि ते वाक्य कानावर पडलं की समोरच्याचं काय होतं तेही.

"जाऊ दे साहेब," सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या रेडिओत माझी सून आहे, बटणावर बसते, तिला पण कधी काही ठाऊक नसतं..."

सून. केंद्रातल्या माणसाचं नातंगोतं. नियम होता.

कात्रीनं बटण दाबलं.

सातही सेकंद कचऱ्यात गेले. यंत्र रिकामं झालं. तिनं नियमाप्रमाणे पिवळा दिवा लावला. निवेदकानं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी नेहमीसारखी मान हलवली, गाणं नको. निवेदकानं हात मागं घेतला. आता त्या खोलीतला प्रत्येक शब्द, खोकलासुद्धा, थेट गावात जात होता, आणि ते ठाऊक असलेली एकच बाई काचेमागं घामेजून बसली होती.

सासूबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचं वाक्य अजून अर्धंच झालं होतं.

"...तसंच तुमचं," त्या पुढं म्हणाल्या. "तुम्हाला तरी कुठं काय ठाऊक असणार? तुम्ही आपले खुर्चीवरचे. खालचे लोक काय ठेवतात नि काय नाही, तुम्हाला कोण विचारतंय?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. कात्रीनं तो रंग ओळखला. तिच्या स्वतःच्या तोंडावर तो कितीदा चढला होता.

"मला ठाऊक नाही?" साहेब कडाडले. "अहो, मला विचारल्याशिवाय तिथं सुतळी हलत नाही! हायड्रोफ्लोरिक आम्ल होतं ते, काच खाणारं आम्ल, पिंपंच्या पिंपं, त्या काचकारखान्यावर धाड घातली तेव्हाचं! वस्तीजवळ ठेवा म्हणून सही मीच केली, मीच! आणि म्हणे ठाऊक नाही!"

आणि त्यांनी उजवा हात वर केला.

कात्रीनं बटण दाबलं. दाबलं म्हणजे चांगलं जोरात, तळव्यानं, सगळ्यांना दिसेल असं. मग साहेबांकडे बघून मान डोलावली, नेहमीसारखी. साहेबांनी घोटभर पाणी घेतलं, चष्मा सारखा केला आणि ते मऊ आवाजात म्हणाले, "तर आजी, पोती होती. काळजी नसावी."

वॉर्डात परिचारिकेच्या टेबलावर रेडिओ चालू होता. 'हायड्रो' एवढं ऐकलं आणि डॉक्टरीणबाई पळाल्या. कॅल्शियम, कॅल्शियम, असं ओरडत पळाल्या, अशी आठवण सासूबाई अजून सांगतात. सासूबाई बाहेरच्या बाकावर फोन धरून बसल्या होत्या आणि साहेबांना आणखी काय काय सुनवावं याचा विचार करत होत्या. आत बंबवाल्याच्या तोंडाला मास्क लागला आणि त्यातून त्या आम्लावरच्या कॅल्शियमची वाफ जायला लागली. उरलेल्या दोघांनाही.

पुढं चौकशी झालीच. आपल्याकडे बटणवालीची चौकशी लगेच होते. आगीची अजून चालू आहे. तीन जणांची समिती बसली, टेप वाजवली गेली.

"'सून' या शब्दात आक्षेपार्ह काय होतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"केंद्रातल्या माणसाची ओळख जाऊ द्यायची नाही, असा नियम आहे."

"ती सून कोण?"

"मी."

अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. "मग साहेबांनी हात वर केला तेव्हा?"

"दाबलं. टेपवर आवाज आहे बटणाचा. काय जोरात दाबलंय बघा."

"मग कापलं का गेलं नाही?"

"यंत्र रिकामं होतं. गाणं लावलं नव्हतं."

"गाण्याचा इथं काय संबंध?"

तिनं सगळं समजावून सांगितलं, अगदी खरं खरं, पहिल्यापासून. तिघांनी माना डोलावल्या. तिघांनाही काही कळलं नाही, आणि कळलं नाही असं पहिल्यांदा कोण म्हणणार? निष्कर्ष असा निघाला, की यंत्रात बिघाड होता. त्याच जातीचं नवंकोरं यंत्र मागवण्यात आलं. यंत्राची निगा राखली नाही म्हणून कात्रीला घरी बसवलं. साहेबांची बदली झाली, जरा बऱ्या शहरात. कार्यक्रम मात्र चालू राहिला, कारण तो बंद केला असता तर लोकांनी 'का' विचारलं असतं.

गावाचं म्हणाल, तर गावानं तिला काही डोक्यावर घेतलं नाही. दारावर खडूचं चित्र पुन्हा निघालं नाही, एवढंच. ड्रायव्हरच्या घरी ती गेली होती. बायकोनं दार अर्धं उघडलं, तिला ओळखलं. "मी पहिल्याच रात्री विचारायला फोन केला होता," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. कात्री अजून त्या रस्त्यानं जात नाही.

घरी तर भांडणाला भरती आली. नोकरी गेल्यामुळे दिवसभर दोघी समोरासमोर. सासूबाईंचं दुःख निराळंच होतं. सगळ्या गावानं साहेबाचं ऐकलं, पण साहेबाला बोलता ज्यांनी केलं त्यांचं निम्मं बोलणं रेडिओवर गेलंच नाही.

"माझंच कापलंस," त्या म्हणायच्या. "सख्ख्या सासूचं."

"कापलं म्हणून तर..."

"गप बस. शब्द न् शब्द मोलाचा होता माझा. इतक्या वर्षांत एकदा रेडिओवर आले, तर या बयेनं बटण दाबलं."

बंबवाला वाचला. पण आवाज गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घसा आतून भाजलाय, जेवढा आहे तेवढा हाच. होती ती नुसती कुजबूज. अंघोळीच्या दाराआडून आता पाण्याचा आवाज तेवढा येई. दोघी अजूनही त्या वेळेला भांडण थांबवून कान देत, सवयीनं.

त्याला काही सांगायचं असलं की तो टेबलावर बोट वाजवी. मग ज्या दोघी आयुष्यात कुणासाठी गप झाल्या नव्हत्या, त्या वाक्याच्या मध्यातच थांबत. कुणी बटण न दाबता.

एका सकाळी दोघींचं असंच जुंपलेलं असताना त्यानं बोट वाजवलं. दोघी वाकल्या.

"स्टेशनामागं," तो कुजबुजला, श्वास घेतला, "दुसरं गोदाम आहे. जप्तीचंच. शेजारी शाळा. त्यात काय ठेवलंय?"

रेडिओवर 'थेट उत्तर' सुरू होत होतं. नवे साहेब, नवी बटणवाली. पहिल्याच फोनला कुणीतरी काही बोललं आणि हिसका बसला. कात्रीनं कान टवकारले. गाणं लागलं नाही. निवेदक तसाच पुढं बोलत राहिला. नव्या साहेबांनाही मध्ये गाणं चालत नव्हतं तर.

सासूबाईंनी फोन उचलला होता. नंबर लावायला बोट टेकवलं, तेवढ्यात कात्रीनं मनगट धरलं.

"थांबा," ती म्हणाली. "आधी मी लावते. माझं कापतील. मी कापली गेले की यंत्र रिकामं, त्याच क्षणी फोन तुमच्या हातात देते, तुम्ही बोला."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. रागानंच बघितलं, दुसरं बघणं त्यांना येत नव्हतं.

"आणि तुझं कापलं जाईल कशावरून?"

"ते माझ्यावर सोडा," कात्री म्हणाली आणि त्यांच्या हातातला फोन घेऊन कानाला लावला. "कापण्यातलं तुम्हाला कुठं काय ठाऊक असतं?"